छोट्या देशाची सहा गाणी

एश्बॉर्न,
रविवार, ५ मार्च २००६

तीर्थस्वरूप ताईस,
दादारावचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं इथं बरे आहोत. बर्फ अजून गेलेला नाही. गोदामासमोर रोज सकाळी फावडं मारतो, म्हणून पाठ जरा धरलीय. सुनेत्राचा गुडघा थंडीचा कुरकुरतो. दाजींची शुगर आता कशी आहे? त्यांना म्हणावं, पायाला तेल लावा आणि गुळाच्या डब्यापासून लांब राहा.

परवा फोनवर तू मला दटावलंस. ‘दाद्या, फोनवर तू निस्ता हसण्यावारी नेतूस. पोरगी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतीय. काय झालं ते कागदावर लिही. कागदावर हसून दाखव मला.’ म्हणून लिहायला बसलोय. मराठी लिहायची सवय गेली आहे, अक्षर सांभाळून घे.

आधी उत्कर्षाच्या खाण्याचं सांगतो. तिखट नको म्हणेल, पण तुझा ठेचा खाते. चहा बिनसाखरेचा. पंखा लावला की तिला सर्दी होते. ‘तिला तुझ्याकडे पाठवलं’ असं मी इथं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे कुणी पाठवलेलं नाही. तिनं तिचं तिकीट काढलं, आईला सांगितलं आणि मला सुनेत्राकडून कळलं. माझा फोन ती उचलत नाही. तू हातात दिलास तरी ठेवून देते, ते मला इकडे ऐकू येतं.

तर ऐक.

युरोपात दरवर्षी देशादेशांची गाण्याची स्पर्धा असते, टीव्हीवर. एका देशाचं एक गाणं. आपल्याकडे जयंतीला वस्त्यावस्त्यांच्या गायन पार्ट्या एका स्टेजवर यायच्या तसंच, फक्त इथं प्रत्येकाला तीनच मिनिटं आणि बिदागी स्टेजवर आणून द्यायची पद्धत नाही. जानेवारीत मला एका देशाचं काम मिळालं. आपलं गाणं कोणतं पाठवायचं, हे ठरवायचा त्यांचा कार्यक्रम, त्याचा सगळा आवाज माझ्याकडे. देशाचं नाव लिहीत नाही, करारात तोंड बंद ठेवायचं कलम आहे. एवढंच सांगतो की त्या अख्ख्या देशापेक्षा आपल्या जालन्यात जास्त माणसं राहतात. त्यांच्याकडे एवढा मोठा हॉलसुद्धा नाही, म्हणून त्यांनी इथं फ्रँकफुर्टच्या बाजूला भाड्यानं घेतला. लग्न यांचं आणि मांडव शेजारच्या गावात.

त्यांच्या टीव्हीचा साहेब हेर ब्रुनर, हेर म्हणजे श्रीयुत. आडवातिडवा, हसरा माणूस. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, ‘हेर साळवे, आम्हाला जिंकायचं नाही. जिंकलो तर पुढच्या वर्षी सगळा युरोप आमच्या दारात, आणि तेवढ्या खुर्च्या आमच्या देशात नाहीत. पण शेवटचंही यायचं नाही. मागच्या खेपेला शेवटचे आलो तर माझ्या सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे मधलं कुठलं तरी गाणं हवंय.’

‘गेनाऊ! अगदी तेच! पण आपल्या बोलीत की इंग्रजीत, यावरच आमचं वर्षभर भांडण चालतं.’

त्यांची खरी पंचाईत वेगळी. गाणी सहा, पंच पाच. त्यातले दोघं एका गायकाचे सख्खे मामा, एक बाई दुसरीची शाळेतली मास्तरीण. ब्रुनर म्हणाला, ‘आमच्याकडे कुणाचा कुणी नसलेला माणूस बाहेरूनच आणावा लागतो. म्हणून आवाज तुमच्याकडे. तुम्ही कुणाचेच नाही.’

मला ते ऐकून बरं वाटलं, ताई. बावीस वर्षं इथं काढली. सुरुवातीला लग्नाबिग्नांत केबल उचलल्या, मग स्वतःची व्हॅन घेतली, मग कंपनी. इतक्या दिवसांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवू नये म्हणून मी जपत आलो. दुसऱ्यानं केलेली चूक चूक असते आणि आपण केली की ती आपल्या मुलखाची होते. त्यामुळे ‘तुम्ही कुणाचेच नाही’ हे मला त्या दिवशी मोठं सर्टिफिकेट वाटलं.

आठ दिवसांनी सहा गाण्यांची नावं आली. चौथ्या गाण्यापुढे गायिका योहाना, संगीत उत्कर्षा साळवे.

घरात कुणाला पत्ता नाही! गाणारं माणूस त्यांच्या देशाचं हवं, चाल कुणाचीही चालते, असा त्यांचा नियम. योहाना तिकडच्या एका बेकरीवाल्याची मुलगी, उत्कर्षाच्या कॉलेजात होती. तुला माहीतच आहे, आपली पोरगी चाली बांधते, पण चार माणसांपुढे तोंड उघडत नाही. गाते ती न्हाणीघरात, कडी लावून, नळ सोडून. तिचा आवाज मला भिंतीपलीकडूनच माहीत. गाणं मात्र फार सुरेख केलं होतं तिनं. वर चढताना एके ठिकाणी ते असं थांबतं, जसं माणूस दारात येऊन थांबावं आणि आत यावं की नाही याचा विचार करावा.

मी लगेच ब्रुनरला फोन केला. म्हटलं, ही माझी मुलगी आहे, काम दुसऱ्याला द्या. तो एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ‘घ्या! म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच निघालात! राहू दे हो, तुम्ही सांगितलंत हेच पुष्कळ.’

जेवताना उत्कर्षा मला म्हणाली, ‘पापा, गिब दास आब.’ म्हणजे सोडून दे ते काम. ती आमच्याशी जर्मनच बोलते, आम्ही मराठी बोलतो, घर चालतं.

मी म्हटलं, ‘सोडायचं कशाला? साहेबाचीच हरकत नाही. आणि मी असलो तर तुझंच बरं, माइक नीट लागतील.’

ती पुन्हा म्हणाली, ‘बिट्टे, पापा.’ म्हणजे प्लीज.

सुनेत्रा म्हणाली, ‘अहो, एक दिवस त्या मिक्सरपासून लांब राहा ना. बापासारखं खुर्चीत बसा, टाळ्या वाजवा. तेवढंही जमणार नाही का?’

मी ऐकलं नाही.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, थेट टीव्हीवर. सकाळपासून तालीम. त्या मोठ्या स्पर्धेचा एक कडक नियम आहे, म्हणून इथंही तोच लावलेला. वाद्यं आधी ध्वनिमुद्रित केलेली चालतात, त्याला आम्ही ट्रॅक म्हणतो. पण माणसाचा आवाज ट्रॅकवर एकही नको. जो आवाज ऐकू येईल तो स्टेजवरच्या जिवंत गळ्यातूनच यायला हवा. ट्रॅक आदल्या दिवशी जमा झालेले, नंतर बदलायचे नाहीत. प्रत्येक गाणं संपलं की ब्रुनर स्टेजवरून ओरडायचा, ‘हेर साळवे, साउबर?’ साउबर म्हणजे स्वच्छ. मी अंगठा दाखवायचो, ‘साउबर!’

दुसरं गाणं दोन भावांचं. अकॉर्डियन, मागं तिघं साथीला. पाचही पंच माना हलवत होते, सगळ्यांना ठाऊक होतं की हेच जाणार. मला ऐकताना काहीतरी टोचत होतं. तोंडं पाच, पण ध्रुपदाला गर्दी जास्त. मी मधेच सगळे माइक बंद केले. दोघं भाऊ दचकून गप्प झाले, साथीदारांचीही तोंडं मिटली, आणि हॉलमध्ये ‘आऽऽ’ चालूच! एक भाऊ तर वर छताकडं बघायला लागला, जणू वरून कुणी गातंय. सगळा हॉल हसला. ब्रुनरनं तिथंच त्यांना बाद केलं. पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. इथं तिखट कानाच्या माणसाला रानमांजर म्हणतात. तीन जण येऊन मला रानमांजर म्हणून गेले.

भाऊ माझ्याकडे बघत सामान भरत होते. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. एक तर नियमाचं काम केलं होतं, आणि दुसरं असं की आता उत्कर्षाच्या गाण्याच्या वाटेत कुणी उरलं नव्हतं. ती मागच्या रांगेत बसली होती. सगळा हॉल हसला तेव्हा ती हसली नाही. मला वाटलं, थंडी वाजत असेल, मागं हीटर नव्हता.

दुपारी उरलेल्या गाण्यांची तालीम झाली. संध्याकाळी कार्यक्रम झाला. दोघा मामांच्या भाच्याचं गाणं निवडलं गेलं. इंग्रजीत आहे. एक माणूस पावसात उभा आहे आणि कुणाची तरी वाट बघतोय, तीन मिनिटं झाली तरी कुणी येत नाही आणि हा छत्रीही घेत नाही. त्यावर काय बोलायचं? आवाज बसलेला, चाल दहा ठिकाणी ऐकलेली. मे महिन्यात सगळ्या युरोपपुढे तो देश हे घेऊन जाणार आणि पुन्हा शेवटचा येणार, आणि ब्रुनरची सासू पुन्हा बोलणं टाकणार. हॉलवाल्यानं लाइटचा फेज आणि माझा फेज एकच ठेवला होता, त्यामुळे स्पीकर दिवसभर गुणगुणत होते. सांगून सांगून माझा घसा बसला. कॉफीसुद्धा थंड. एवढ्याशा देशाला एवढा तोरा कशाला, मला कळत नाही. गावची जत्रा असल्यासारखं करायचं आणि नियम मात्र सुप्रीम कोर्टाचे!

तू विचारशील, उत्कर्षाचं गाणं कितवं आलं?

ते संध्याकाळी नव्हतंच, ताई.

लिहितो. चहा पिऊन आलो, आता लिहितो.

दुपारी योहाना स्टेजवर आली. पोरगी गुणी, पण वरच्या सुरांना तिचा गळा कापतो हे मला पहिल्या ओळीतच कळलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या वेळेला ध्रुपद आलं, ती वर चढली आणि कापली नाही. तिच्या खाली कुणीतरी हात दिल्यासारखं झालं. ट्रॅकवर व्हायोलिनं होती, त्यांच्या आत, खूप खोल, एक आवाज होता. कुणालाही ते व्हायोलिनच वाटलं असतं. पंचांना वाटलं, ब्रुनरला वाटलं. मशिनीवर बघितलं असतं तरी तिथं काही वेगळं दिसलं नसतं.

मला तो कुणाचा आवाज आहे हे लगेच कळलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय.

गाणं संपलं. ‘हेर साळवे, साउबर?’

मी म्हटलं, ‘पुन्हा एकदा लावू.’ ब्रुनरनं खांदे उडवले. मी उत्कर्षाकडे पाहिलं. ती आता भिंतीला टेकून उभी होती, हात कोटाच्या बाह्यांत ओढलेले, लहानपणी डॉक्टरकडे न्यायचो तेव्हा उभी राहायची तशी. तिनं मान हलवली. एवढीशीच. नको म्हणाली, की हो म्हणाली, की नुसतीच हलली, मला अजून ठरवता येत नाही.

गाणं पुन्हा सुरू झालं. ध्रुपद आलं आणि मी योहानाचा माइक बंद केला.

ताई, तो आवाज एकटा हॉलभर झाला. व्हायोलिनं बाजूला राहिली आणि तो वर आला. माझे स्पीकर आहेत, मी लावलेले, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतील असे. माझ्या लेकीचा आवाज मी पहिल्यांदा मोकळा ऐकला. मधे भिंत नाही, नळ नाही. इतका गोड आहे, मला कल्पना नव्हती. आणि तो ऐकवला मी, ती पकडली जावी म्हणून.

या वेळी कुणी हसलं नाही. योहाना रडायला लागली. ब्रुनरनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘आल्झो... म्हणजे आता काय, नियम सगळ्यांना सारखा.’ मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकानं सुरू केल्या आणि सगळ्यांनी धरल्या. माझ्यासाठी. बापानं मुलीलाही सोडलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेपरातही तेच छापून आलं, ब्रुनरनं कात्रण पाठवलंय, खाली स्वतःच्या हातानं ‘अभिनंदन’ लिहून. पुढच्या वर्षीचं कामही मलाच देणार म्हणतो, तुमच्यासारखा माणूस आमच्या देशात नाही. त्या माणसाचा मला इतका संताप येतो, आणि त्याची काडीची चूक नाही.

उत्कर्षानं स्वतःचा मफलर योहानाच्या गळ्यात घातला, तिला घेऊन बाहेर गेली आणि एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, घरी आली. मी सगळा कार्यक्रम उरकून, केबल गुंडाळून आलो. ती स्वयंपाकघरात उभी होती. मी तयारी करून आलो होतो, नियम काय, तत्त्व काय. तिनं मला एकच वाक्य ऐकवलं. ‘दू हास्ट निष्ट माल गेफ्राग्ट.’ तू मला विचारलंसुद्धा नाहीस. आणि खोलीत गेली.

सुनेत्रानं मात्र सोडलं नाही. ‘अहो, त्या साहेबानं हाक मारली तेव्हा, दोन मिनिटं थांबा, केबल बघतो, असं म्हणायला जीभ जड झाली होती का? लग्नात केबलच्या नावाखाली तुम्ही जेवून येता!’

मी म्हटलं, ‘चूक तिची होती.’

‘कशावरून? योहानाला सराव करायला तो आवाज घातला असेल, काढायचा राहिला असेल, चुकीचा ट्रॅक गेला असेल. नाहीतर घातलाही असेल मुद्दाम, मी नाही म्हणत नाही. तुम्हाला माहीत आहे?’

‘ट्रॅक बदलता येत नव्हता.’

‘मग तिचं तिला सांगू द्यायचं. गाणं मागे घेते म्हणाली असती. तेवढी तरी लाज राखायची होती पोरीची.’

मला माहीत नाही, ताई. अजून माहीत नाही. ती ‘काम सोड’ म्हणाली तेव्हा तिच्या मनात या आवाजाचंच होतं, की बाप समोर असला म्हणजे ती बिचकते म्हणून म्हणाली, तेही मी विचारलेलं नाही. जगातली कुठलीही खरखर मला दोन खोल्या पलीकडून कळते आणि माझ्या ताटासमोर बसून पोरगी दोनदा काही म्हणाली, तर मी तिला माइक नीट लावायचं आश्वासन देतो.

तू म्हणशील, जे केलंस ते बरोबरच केलंस, आपण कुणाचं खोटं चालवून घेत नाही. इथले ओळखीचेही तसंच म्हणतात. मीही दोन आठवडे स्वतःला तेच सांगतोय. गप्प बसलो असतो आणि मे महिन्यात तिकडं सगळ्या युरोपपुढे कुणाच्या लक्षात आलं असतं, तर तिचं नावच गेलं असतं, हेही सांगून पाहिलं. खरंच आहे ते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ते नव्हतं. कागदावर हसून दाखव म्हणालीस ना, तर घे, नाही येत हसता. सकाळी मला टाळ्या मिळाल्या होत्या. त्या भावांना मी बाद केलं होतं आणि आता सगळा हॉल बघत होता की स्वतःच्या मुलीच्या वेळी हा काय करतो. मला त्या माणसांपुढे स्वच्छ दिसायचं होतं. दोन मिनिटं थांबलो असतो तर कुणाला तरी शंका आली असती, आणि ती एवढीशी शंका मला सोसवली नसती. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, ती मान हलवतेय हे पाहिलं, आणि माइक बंद केला. नियम मला नंतर आठवला.

हे सुनेत्रालाही सांगितलेलं नाही.

आता तुझ्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नकोस. ‘बापाचं मन तुला कळत नाही’ वगैरे तर मुळीच नको. ती बोलली तर ऐकून घे, नाही बोलली तर पडू दे. आणि तिनं तुला काही सांगितलंच, तर ते मला फोनवर कळवू नकोस. तिचं तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

मी येत्या सतरा तारखेला तिथं पोचतोय. हे तिला आजच सांग. अचानक दारात उभं राहून तिला गाठायचं नाही मला. एकदा गाठली तेवढी पुरे. मी यायच्या आधी तिला पुण्याला मैत्रिणीकडे जायचं असेल, इकडे परत यायचं असेल, कुठंही जायचं असेल, तर जाऊ दे. भाड्याचं बघ, पण अडवू नकोस, आणि कुठं गेली हे मी विचारलं तरी तिला विचारल्याशिवाय सांगू नकोस. राहिली, तर मी अंगणात बसेन. तिला वाटेल तेव्हा बाहेर येईल.

दाजींना जय भीम.

तुझा,
दाद्या